पाँटून बोट: खुर्ची, वल्ही, नांगर आणि हवा – वाचकांचे प्रश्न

एका माणसाची पाँटून बोट म्हणजे ८ ते १० फूट लांबीच्या दोन फुगवायच्या ट्यूब, त्यांवर पट्ट्यांनी बांधलेली लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मधे खुर्ची, दोन्ही बाजूंना वल्ही आणि पुढे पाय टेकवायला दांडी. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नद्यांवर आणि डोंगरातल्या तलावांवर मासेमारीसाठी ती फार वापरतात. गाडीत मावते आणि एकट्या माणसाला पाण्यात उतरवता येते, हे त्याचं मुख्य कारण. या बोटीत काय बदल करावेत, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझी बोट ९ फुटी आहे. मूळची प्लास्टिकची खुर्ची टोचायची, म्हणून जाड गादीची, गोल फिरणारी खुर्ची बसवली. बसायला छान वाटतं, पण आता वल्हवताना मुठी मांड्यांवर आपटतात, पाती पाण्याबाहेर नीट निघत नाही आणि तासाभरात कंबर धरते. यॅकिमा नदीवर दिवसभर राहायचं तर काय करावं? (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन)

उत्तर: खुर्ची चांगलीच आहे, ती काढू नका. खुर्चीची उंची, ओरलॉकची (वल्हं ज्यात अडकवून फिरवतात त्या कडीची) उंची, वल्ह्याची लांबी आणि पायाची दांडी या चार गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. एक बदलली की उरलेल्या तिन्ही पुन्हा तपासाव्या लागतात. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

आधी हिशेब समजून घ्या. ६ फुटी वल्ह्याचा साधारण २ फूट भाग ओरलॉकच्या आत असतो आणि ४ फूट बाहेर. म्हणजे पाती १० इंच उचलायची तर मूठ ५ इंच खाली न्यावी लागते. त्याखाली मांडी आणि मूठ यांत निदान २ इंच मोकळे हवेत. थोडक्यात, पाती पाण्यात बुडालेली असताना मूठ मांडीपासून सुमारे ७ इंच वर असायला हवी. गादी आणि फिरती प्लेट मिळून खुर्ची ३ इंच उंच झाली की तुमच्या मांड्याही ३ इंच वर येतात आणि ७ इंचांचे ४ उरतात. मग पाती अर्धवटच उचलली जाते, लाटेला घासते आणि ती सोडवायला तुम्ही दर वेळी कंबरेतून मागे झुकता. कंबर त्यानेच धरते.

उपाय म्हणजे ओरलॉक वर घेणं. मात्र खुर्ची ३ इंच वाढली म्हणून ओरलॉकही ३ इंच वर घ्यायची गरज नाही. पातीचं टोक पाण्याशीच राहतं, त्यामुळे ओरलॉक १ इंच वर गेला की मूठ दीड इंच वर येते. तुमच्यासाठी २ इंच पुरेत. त्याहून जास्त वर घेतलंत तर मूठ छातीच्या वर जाईल आणि खांदे दुखायला लागतील. मूठ ओढताना कोपराच्या पातळीवर, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी यावी. हे जमिनीवर तपासू नका. माणूस, सामान आणि बोट मिळून ३०० पौंडांच्या आसपास भार असेल तर १५ इंच जाडीची ट्यूब पाण्यात ४ ते ५ इंच बसते. तेवढ्या फरकाने सगळं गणित बदलतं. शांत, उथळ पाण्यात नेहमीचं सामान ठेवून बसा आणि तिथे मोजा.

ओरलॉक उंच करायला त्याची दांडी आणि खोबण यांत नुसते वॉशर रचू नका. दांडीचा जेवढा भाग खोबणीत असतो तेवढाच तिला आधार असतो. २ इंच वॉशर घातले की तो आधार जातो आणि जोराच्या ओढीला दांडी वाकते. लांब दांडीचा ओरलॉक घ्या किंवा खोबणीचा अख्खा कंसच उंच करणारा तुकडा बसवा. लहान पाँटूनच्या खोबणी बहुधा अर्ध्या इंचाच्या असतात आणि मोठ्या राफ्टच्या ५/८ इंचाच्या, म्हणून खरेदीआधी कॅलिपरने मोजा. खोबणीत नायलॉनची बुशिंग टाकलीत तर करकर थांबते आणि ओरलॉक डगडगत नाही.

आता पाय. वल्हवण्याचं बरंच बळ पायातून येतं. दांडी लांब असेल तर पाय ताणून धरावे लागतात, माणूस खुर्चीत पुढे घसरतो आणि पाठीचा खालचा भाग गोल होतो. हात पुढे पूर्ण लांबवले असताना गुडघे थोडे वाकलेले राहतील आणि टाच पक्की टेकेल, इतकी दांडी जवळ घ्या. दांडीवर फोमचा पाइप चढवतात, पण ओल्या बुटाखाली तो गोल फिरतो. त्यापेक्षा दांडीवर ४ इंच रुंदीची अ‍ॅल्युमिनियमची किंवा जाड प्लास्टिकची पट्टी दोन यू-बोल्टने आवळा आणि तिला खरखरीत चिकटपट्टी लावा.

वल्ह्याची लांबी शेवटी बघा. दोन ओरलॉकमधलं अंतर मोजा, निम्मं करा आणि त्यातून १ इंच वजा करा. दोन्ही मुठी समोरासमोर आल्यावर मधे २ इंच जागा राहते ती यामुळे. ४८ इंच अंतर असेल तर आतला भाग २३ इंच येतो. राफ्टवाले एक तृतीयांश आत, दोन तृतीयांश बाहेर असा नियम धरतात. त्या हिशेबाने वल्हं ६९ इंचांचं, म्हणजे जवळपास ६ फुटी. लाकडी होड्यांची वल्ही बनवणारे ७ भाग आत आणि १८ बाहेर असं प्रमाण मानतात. त्याने ८२ इंच येतं, म्हणजे ७ फुटी. दगड चुकवायला झटपट, आखूड ओढी मारायच्या नदीवर ६ फुटी बरं, तलावावर लांब पल्ल्याला ७ फुटी. यॅकिमासाठी तुमची ६ फुटीच ठेवा. बाहेरचा भाग जास्त लांब झाला की दर ओढीला जोर जास्त लागतो आणि दुपारपर्यंत मनगटं थकतात. (हो, वल्हं बदललंत तर वरचं १ इंचाला दीड इंच हे प्रमाणही बदलतं. ७ फुटीला ते साधारण १ इंचाला १.४ इंच होतं.)

वल्ह्यावर रबरी स्टॉपर लावा, म्हणजे ते आत घसरून मुठी एकमेकींवर आपटणार नाहीत. दोन तुकड्यांच्या वल्ह्याचा सांधा हलत असेल तर मात्र दुरुस्तीवर वेळ घालवू नका, वल्ही बदला. सांध्यातली ढिलाई प्रत्येक ओढीत थोडी ताकद खाते, आणि तो तुटतो तो नेमका जोर लावायच्या क्षणी.

नदीबद्दल एवढंच लक्षात ठेवा. एलेन्सबर्ग ते रोझा धरण या दरीत उन्हाळ्यात शेतीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नदी भरून वाहते. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते पाणी कमी करतात. नव्या जोडणीची पहिली चाचणी त्यानंतर घ्या. आणि रोझा धरणाच्या आधीची उतरायची जागा गाडीने जाऊन आधी बघून ठेवा.

प्रश्न: नांगराची कप्पी चौकटीच्या उजव्या बाजूला, हाताजवळ लावली. तलावावर ठीक चाललं. नदीत टाकल्यावर मात्र बोट आडवी झाली आणि वरच्या बाजूची ट्यूब पाण्याखाली जाऊ लागली. नांगर जड असेल का? मला डेशुट्स नदीवर जायचं आहे. (बीव्हर्टन, ओरेगन)

उत्तर: वजनाचा प्रश्न नाही, जागेचा आहे. ती कप्पी आजच काढा. बाजूला बांधलेला नांगर बोटीला प्रवाहात आडवी धरतो. पाणी वरच्या अंगाच्या ट्यूबवर चढतं, दोरी तीच ट्यूब खाली खेचते, आणि पुढची पायरी म्हणजे बोट उलटणं. नदीत नांगर फक्त मागच्या टोकाला, बरोबर मध्यरेषेवर. मग बोट प्रवाहाच्या रेषेत राहते आणि तुमचं तोंड उताराकडे असतं.

मागे कप्पी, तिथून चौकटीच्या कडेने दुसरी कप्पी आणि खुर्चीशेजारी कॅम क्लीट (दोरी पकडून धरणारा चिमटा), अशी दोरी आणा. दोरी १० मिलिमीटर जाडीची विणलेली घ्या. त्याहून बारीक दोरी ओल्या हातात कापते. क्लीटमधून दोरी एका झटक्यात सुटली पाहिजे, म्हणून तिथे गाठ कधीही मारू नका. दोरीच्या मोकळ्या टोकालाही गाठ नको. नांगर दगडात अडकला तर अख्खी दोरी सोडून देता आली पाहिजे. लाइफ जॅकेटवर चाकू, हाताला पटकन लागेल असा.

खडीच्या तळाला ८ ते १० पौंडांचा पिरॅमिड आकाराचा नांगर पुरतो. तो लोंबकळत असताना ट्यूबच्या कापडाला घासतो, तेव्हा प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या. नांगर टाकायची जागा म्हणजे संथ कड किंवा मोठ्या दगडामागचं शांत पाणी. चालून जाणाऱ्या माणसाला उभं राहता येणार नाही इतक्या ओढीत नांगर टाकायचा नाही.

आता डेशुट्स. खालच्या डेशुट्सवर बोटीतून मासेमारी करायला मनाई आहे. बोट फक्त प्रवासाला, गळ टाकायचा तो खाली उतरून. म्हणजे तिथे नांगराचं काम मुख्यतः बोट किनाऱ्याशी थांबवायचं, आणि त्यासाठी पुढे १५ फूट दोरी बांधून ठेवलीत तरी भागतं. तिथे बोटर पासही लागतो. वॉर्म स्प्रिंग्ज ते ट्राउट क्रीक हा टप्पा त्यातल्या त्यात सौम्य आहे. त्याच्या खालचे व्हाइटहॉर्स आणि ओक स्प्रिंग्ज हे रॅपिड्स (खडकांतून उसळत जाणारे वेगवान टप्पे) ८-९ फुटी, ब्लॅडर (कापडी आवरणाच्या आतली हवेची पिशवी) असलेल्या स्वस्त पाँटूनचं काम नव्हे. शेरर्स फॉल्स तर कोणत्याच बोटीने उतरायचा नसतो, तिथे बोट बाहेर काढून जमिनीवरून न्यावी लागते.

प्रश्न: डेन्व्हरला घरी गॅरेजमध्ये मापाने २ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं माप) हवा भरली, बोट फुगवलेलीच ट्रेलरवर टाकून इलेव्हन माइल जलाशयावर नेली. तिथे पोचल्यावर एका ट्यूबच्या आवरणाची झिप फाटून आतली ब्लॅडर बाहेर आलेली होती. बोट सदोष होती का? (ऑरोरा, कोलोरॅडो)

उत्तर: शिवण कमजोर असू शकते, पण तुम्ही सांगता त्या प्रवासात चांगली झिपही धोक्यात येते. डेन्व्हरला हवेचा दाब सुमारे १२.२ पीएसआय असतो. इलेव्हन माइल साधारण ८,६०० फुटांवर आहे, तिथे तो १०.६ च्या आसपास. बाहेरचा दाब दीड पीएसआयने कमी झाला, आतली हवा तेवढीच राहिली. म्हणजे गॅरेजमधले २ पीएसआय वर पोचेपर्यंत साडेतीन झाले. गॅरेज २० अंश सेल्सिअसचं होतं आणि उन्हात काळी-हिरवी ट्यूब ४५ अंशांपर्यंत तापली असं धरलं तर आकडा पावणेपाचच्या जवळ जातो. ब्लॅडरच्या ट्यूबला सगळा ताण बाहेरचं कापड आणि झिप सोसतात, त्या जागी ती सुटते.

वर नेताना बोट निम्मी फुगवलेली न्या. हाताने दाबल्यावर ट्यूब सहज खोल दबली पाहिजे. जलाशयावर पोचल्यावर सावलीत भरा, पाण्यात उतरवा, दहा मिनिटं थांबा आणि मग उरलेली हवा भरा. पाणी थंड असतं, ट्यूबमधली हवा आकसते, त्यामुळे काठावर कडक वाटणारी बोट पाण्यात मऊ होते. मऊ बोटीची चौकट दर ओढीला वर-खाली होते आणि वल्हवायला जड जाते. जेवायला काठावर आलात की बोट अर्धी पाण्यात ठेवा, नाहीतर थोडी हवा सोडा. मापक ० ते ५ पीएसआयचा घ्या. गाडीच्या टायरचा मापक इतक्या कमी दाबाला काहीच उपयोगाचा नाही.

झिप बदलताना नायलॉनची १० नंबरची जाड झिप आणि पॉलिएस्टरचा दोरा सांगा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. साउथ पार्कमधल्या या जलाशयांवर दुपारी वारा फार उठतो. सकाळी लवकर उतरा आणि वारा सुटायच्या आत काठाला या.

प्रश्न: उभं राहून गळ टाकता येईल असा प्लायवुडचा फलाट बसवावा का? (सॉल्ट लेक सिटी)

उत्तर: ८-९ फुटी बोटीवर नाही. खुर्चीतल्या माणसाचं वजन ट्यूबच्या थोडंच वर असतं. उभं राहिल्यावर ते दोन-अडीच फूट वर जातं आणि एक पाऊल बाजूला पडलं की बोट कलते. शिवाय मागे-पुढे धरायला काहीच नसतं. उभं राहायचं असेल तर त्यासाठी बनवलेली रुंद, जाड ट्यूबची मोठी बोट घ्या. आहे त्या बोटीत खुर्ची एक-दीड इंच उंच केलीत तरी फेक सुधारते, पण ओरलॉकचं वर सांगितलेलं गणित विसरू नका.

प्रश्न: फ्लाय लाइन (फ्लाय फिशिंगच्या गळाची दोरी) सारखी कशात ना कशात अडकते. मासा लागला की हमखास. (बोइझी, आयडाहो)

उत्तर: बोटीवर बसून समोरच्या प्रत्येक बोल्टवरून हाताचं बोट फिरवा. जिथे नखाला काही लागेल तिथे लाइन अडकणार. उघड्या बोल्टना टोपीचे नट बसवा, पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून रबरात अडकवा, प्लास्टिकच्या टायची कापलेली टोकं ब्लेडने सपाट करा. खुर्चीसमोर दोन्ही ट्यूबच्या मधे जाळीच्या कापडाचा झोळीसारखा अ‍ॅप्रन बांधा, कडेला ३ इंच उंची राहील असा. घट्ट कापड नको, त्यात पाणी साठतं आणि वाऱ्याने लाइन उडून बाहेर जाते. रॉड होल्डर मागे, खुर्चीच्या पाठीच्या रेषेत लावा. पुढे लावलेला होल्डर वल्ह्याच्या मार्गात येतो.

प्रश्न: विजेची मोटर लावायची आहे. ३० पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) मोटर आणि गाडीच्या बॅटरीएवढी लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन्ही मागच्या फळीवर ठेवून पाहिली. मागची बाजू बुडते, पुढची वर उठते आणि वाऱ्यात बोट नाक फिरवते. (मिनिअ‍ॅपोलिसजवळून)

उत्तर: ग्रुप २४ या मापाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी ४५ ते ५० पौंडांची असते. मोटर आणखी १५ ते २०. एवढं वजन तुमच्या पाठीमागे तीन फुटांवर गेलं तर असंच होणार. मोटर मागेच राहील, बॅटरी पुढे आणा. पायांच्या दांडीच्या अलीकडे, चौकटीच्या आडव्या नळीवर तिच्यासाठी खोका बसवा आणि दोन पट्ट्यांनी बांधा. वायर लांबवावी लागेल. ३० अ‍ॅम्पियर घेणाऱ्या मोटरला एवढ्या अंतरासाठी ८ गेजची, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची मरीन वायर घ्या. बारीक वायर तापते आणि मोटरचा जोर कमी होतो. बॅटरीच्या धन टोकापासून ७ इंचांच्या आत ५० अ‍ॅम्पियरचा सर्किट ब्रेकर हवाच.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते बॅटरीवर करा. ५० अ‍ॅम्पियर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२-१४ पौंडांत येते. पूर्ण वेगाने ती दीड तासापेक्षा थोडी जास्त चालेल, १० अ‍ॅम्पियर घेत संथ गेलात तर पाच तास. घेताना तिच्या आतलं नियंत्रण सर्किट सलग ५० अ‍ॅम्पियर देतं ना, हे बघा. मिनेसोटात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. गॅरेजमधून घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग चार्जर लावा.

मोटरची फळी चौकटीला नुसती दोन ठिकाणी आवळली तर उलट्या वेगाला ती पिळवटते. खालून एक तिरका आधार द्या. चौकटीला भोकं पाडू नका. लोखंडी नळीत भोकातून पाणी शिरतं, रंगाच्या आतून गंज धरतो आणि वाकवलेल्या जागी नळी एक दिवस मोडते. यू-बोल्ट आणि नळीचे क्लॅम्प यांवर सगळं काम होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर स्टेनलेसचे क्लॅम्प लावताना मधे नायलॉनचा किंवा रबराचा तुकडा घाला, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरून ते खाल्लं जातं. सुकाणूची मूठ मागे हात वळवून धरावी लागते. तिच्यावर २४ इंचांचा पीव्हीसी पाइप चढवून होज क्लॅम्पने आवळा, खांदा वाचेल.

१० फुटांपर्यंतची बोट वल्ह्यांवर असेतोवर मिनेसोटात नोंदणी लागत नाही. मोटर लावली, ती विजेची असली तरी, की लागते. क्रमांक चिकटवायला ट्यूबच्या कापडावर स्टिकर टिकत नाहीत, म्हणून चौकटीला बांधता येणारी पाटी करून घ्या.

प्रश्न: रोज सकाळी ट्यूब मऊ पडलेल्या असतात. साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडे दिसत नाहीत. (सॅक्रामेंटो)

उत्तर: दोन्ही ट्यूब सारख्याच मऊ होतात का, ते आधी बघा. होत असतील तर बहुधा गळती नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी ३५ अंश आणि पहाटे १५ अंश असा फरक सहज पडतो. दुपारी भरलेले २ पीएसआय पहाटे नुसत्या थंडाव्याने जेमतेम १ वर येतात. खरी तपासणी करायची तर तापमान फारसं बदलत नाही अशा खोलीत ट्यूब भरून ठेवा आणि चोवीस तासांनी मापक लावा.

एकच ट्यूब मऊ होत असेल तर सुरुवात व्हॉल्व्हपासून करा. झाकणाच्या रबरी चकतीखाली वाळूचा एक कण अडकला तरी हवा जाते. चकती काढून साध्या पाण्याने धुवा. तिथे काही नाही सापडलं तर झिप उघडून ब्लॅडर बाहेर काढा. वरच्या कापडाला साबणाचं पाणी लावून काही कळत नाही, कारण हवा ब्लॅडरमधून निघून कापडाच्या आतून फिरते आणि भलत्याच शिवणीतून बाहेर पडते. तुमचे बुडबुडे न दिसण्याचं कारण हेच असावं. बाहेर काढलेली ब्लॅडर नुसती आकार घेईल इतकीच फुगवा. कापडाच्या आधाराशिवाय जास्त हवा भरली तर ती ताणून पातळ होते. भांड्यांचा साबण पाण्यात घालून स्पंजने लावा, जोड आणि दोन्ही टोकं आधी.

छिद्र सापडलं की पेनने गोल करा आणि पूर्ण कोरडं होऊ द्या. ठिगळ गोल कापा, कोपऱ्याचं ठिगळ कोपऱ्यातूनच उचलतं. छिद्राच्या चारही बाजूंना निदान एक इंच झाकलं जावं. दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने पुसा. विनाइलसाठी बनवलेला गोंद दोन्हीकडे पातळ लावा, हाताला चिकट लागेपर्यंत थांबा, पुन्हा पातळ थर द्या, मग ठिगळ मधून कडेकडे दाबत बसवा. वर सपाट वजन ठेवून चोवीस तास हवा भरू नका. एकाच वेळी जाड थर दिला तर वरचा भाग सुकतो, आतला ओला राहतो, आणि ठिगळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरकतं.

ब्लॅडर परत घालताना तिला टाल्कम पावडर लावा. टोकाला पीळ राहिला तर तिथेच चिमटा बसून पुढच्या मोसमात नवं छिद्र पडतं. थोडी हवा भरायची, हाताने टोकं सरळ करायची, पुन्हा थोडी भरायची आणि झिप बंद झाल्यावरच पूर्ण दाब द्यायचा.

प्रश्न: भावाने अमेरिकेहून ८ फुटी पाँटून आणून दिली आहे. मुळशी-पवना भागात वापरायची आहे. नांगर आणि तळाचं संरक्षण इथल्या बाजारातून करता येईल का? (पुणे)

उत्तर: करता येईल, आणि तळाचं संरक्षण आधी करा. आपल्या धरणांत पाणी उतरत जातं तसे बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या पातळीजवळ येतात. वरून दिसत नाहीत, आणि बाभळीचा काटा नायलॉनच्या कापडातून सरळ ब्लॅडरमध्ये जातो. ट्यूबच्या खालच्या बाजूला पीव्हीसीच्या जाड ताडपत्रीची एक फूट रुंद पट्टी, टोकापासून टोकापर्यंत, चिकटवून घ्या. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे माप घेऊन कापून देतात. मात्र तुमच्या ट्यूबचा खालचा भाग पीव्हीसीचाच आहे ना, हे आधी बघा. नुसत्या नायलॉनवर हा जोड धरत नाही. गोंद लवचीक पीव्हीसीसाठीचा, दोन घटकांचा पॉलियुरेथेन घ्या. नळजोडणीचं सोल्यूशन वापरू नका. ते कडक पाइपसाठी असतं, सुकल्यावर ताठ होतं आणि ट्यूब वाकली की तडकतं.

चार आकड्यांचा कोळ्यांचा नांगर इथे नको, खुंटात अडकला की सुटत नाही. त्याऐवजी ४ किलो लोखंडी साखळी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये ओवा, दोन्ही टोकं तारेने बांधा आणि एका टोकाला दोरी लावा. गाळात ती चांगली बसते, खुंटावरून घसरून सुटते आणि रबर असल्यामुळे बोटीला ओरखडा पडत नाही. वाहत्या नदीत मात्र ती धरत नाही, तलावापुरतीच.

फिश फाइंडर लावणार असाल तर १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पियर-तासांची, यूपीएसमध्ये असते ती बॅटरी पुरते. वजन अडीच किलोच्या आसपास. अर्धा अ‍ॅम्पियर घेणारं यंत्र तिच्यावर दिवसभर चालतं. वायरमध्ये ३ अ‍ॅम्पियरचा फ्यूज टाका आणि बॅटरी झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा.

जलाशयातल्या मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि पाण्यात बोट घालायला धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लागते (पवना जलसंपदा विभागाकडे आहे, मुळशी टाटा पॉवरकडे). दोन्हीकडे आधी विचारा. संस्थेच्या लोकांना भेटलात की जाळी कुठे लावलेली आहेत तेही विचारून घ्या, त्यांच्या जाळ्यात वल्हं किंवा साखळी अडकली तर नुकसान त्यांचं होतं. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचा वारा कोणतीही सूचना न देता उठतो आणि ८ फुटी हलकी बोट वल्ह्यांनी त्याच्या विरुद्ध नेता येत नाही. सकाळी दहा-अकरापर्यंत काठावर या आणि निघालात त्या काठापासून फार लांब जाऊ नका.